गिरिजाचं डोहाळजेवण

दाक्षायणीअक्काला पहिल्यांदा बघितलं की कुणालाही वाटतं, ही शाळेतली हेडबाई असणार. ताठ मान, नाकावर चष्मा, सुपारीएवढा अंबाडा. आणि आवाज असा, की ती वाचायला लागली की समोरचा किराणावाला साखर तोलता तोलता थांबतो. मी तिला म्हणते, "अक्का, राजशेखरअण्णा तुला बघायला आले तवा तू नुसतं 'पाणी घ्या' म्हणाली असशील. तेवढ्यावरच गडी गारद!" अक्का चष्म्यावरनं बघते. हसत नाही. तिचं हसू पोटात असतं, पदर हलतो तेवढाच.

बाळीवेशीच्या अलीकडं आमचं घर, घरामागं पत्र्याची शेड. तिथं आम्ही पाच जणी कडक भाकरी करतो. ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी, आणि हात हलका पाहिजे. पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत अशी वाळवायची की पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला महिनाभर पुरली पाहिजे. अक्काची भाकरी आमच्यात सगळ्यात देखणी. होती, म्हणायचं आता.

झालं काय, अक्का न्हाणीत घसरून मनगटावर पडली. दुसऱ्या दिवशी कामाला हजर. मी म्हटलं, "अक्का, हात सुजलाय की ग." तर म्हणे, "काय न्हाय, बरं हाय." त्याच्या पुढच्या दिवशी पण थापायला बसली. ओठ दाबून थापत होती, आणि आम्हाला वाटलं, सुनेशी भांडून आली असेल. शेवटी हातातनं परात सुटली तेव्हा आमच्यातल्या मीनाबाईनं तिला ओढत दवाखान्यात नेलं. हाड मोडलेलं. मोडक्या हाडावर बाईनं भाकरी थापल्या होत्या. मग काय, हाड वाकडंच जुळलं. त्या हातानं आता चष्मा पुसता येतो, पुस्तक धरता येतं. थापता येत नाही.

मग मीनाबाईनंच तोड काढली. "अक्कानं वाचायचं. तिच्या वाटणीच्या भाकरी आपण चौघींनी थापायच्या." अक्का फुकटचं घेणारी नाही, पण हे तिला पटलं, कारण वाचणं हे तिच्या लेखी कामच आहे. अक्कलकोटच्या खाली तिचं माहेर. लहानपणी श्रावणात मठात पुराण लागायचं, आणि बुवांचा आवाज बसला की हिला बसवायचे. परकर सावरून बसायची आणि कानडी पुराण खडाखडा वाचायची. त्यांच्याकडं पुराण नुसतं ऐकत नाहीत. पुराणात लग्न आलं की बाया अक्षता घेऊन येतात. बाळ जन्मलं की मठात खरा पाळणा बांधतात, साखर वाटतात. आणि पुराण संपलं की पोथी तशीच मिटायची नाही. पहिलं पान परत वाचायचं, मगच फडक्यात बांधायची. शेवटावर सोडलेली पोथी घरात ठेवू नये, असं अक्काची आजी सांगायची.

आधी आम्ही पेपर वाचून घेत होतो. मग एकदा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पॅकिंगसाठी रद्दी आणली, त्या गठ्ठ्यात एक जाडजूड पुस्तक निघालं. पुठ्ठा नाही, वरचं नावाचं पान नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. कागद पिवळा, हात लावला तर तुकडा पडतो. अक्षरं जुन्या वळणाची, जागोजागी अनुस्वार. अक्कानं चार पानं वाचून सांगितलं, "सव्वाशे वर्सामागची कादंबरी हाय. पुण्याकडच्या घरातली. गिरिजा नावाची पोर हाय यात."

"भाकरी गुंडाळायच्या व्हत्या त्यात," मी म्हटलं.

"तुजं तोंड गुंडाळ," अक्का म्हणाली, आणि पुस्तक पदराखाली घेतलं.

गिरिजा पहिल्या पानावर सात वर्षांची. चिंचेच्या झाडावर चढलेली. तिथनं पुढं लग्न, सासर, स्वयंपाकघर, माजघर. नवरा मामलेदार कचेरीत, सभ्य माणूस, बायकोशी दिवसा बोलायचं नाही म्हणून रात्री बोलायचं पण विसरलेला. रोज अक्का दोन-चार पानं वाचायची. आदल्या संध्याकाळी घरी नेऊन पुढचं वाचून यायची, म्हणजे सगळ्यांसमोर अडखळायला नको. आणि आम्ही चौघी थापता थापता गिरिजाच्या संसारात नाक खुपसायचो.

सुंदरम्माला गिरिजा जीव की प्राण. सुंदरम्मा आमच्यातली वयानं मोठी, कपाळभर विभूती, बोलताना निम्मं कानडी. म्हणायची, "अय्यो, किती सोसती बग पोर! एक शब्द उलटा न्हाय. असं सोनं कुटं मिळतंय आता."

आणि तिच्याच शेजारी तिची सून श्रीदेवी खाली मान घालून थापायची. बारावी झालेली, अंगानं काडी, पहिल्यांदाच गरोदर. मी चिडवायचे, "श्रीदेवी, ऐक ग, तुला टोमणा हाय त्यो." ती हसायची. "मला कुटं टोचतंय काकू?"

मीनाबाईचं मात्र गिरिजाशी पटायचं नाही. मीनाबाई बुद्धनगरची, तिची आई गिरणीत झाडूकाम करायची. ती एकदा म्हणाली, "ही बया माडीवर रडायला बसली की खाली भांडी कोन घासतंय? पानी कोन भरतंय? लिवलंय का त्या बुकात?"

अक्कानं पानं मागं-पुढं केली. "एक कुणबीण हाय. तिचं नाव न्हाय दिलं."

"बग. रडायला पन नाव लागतंय," मीनाबाई म्हणाली आणि भाकरी अशी आपटली की पीठ माझ्या नाकात. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरताच पहिला प्रश्न तिचाच, "काय अक्का, उटली का न्हाय ती माडीवरनं?"

गिरिजाच्या लग्नाचं प्रकरण आलं त्या दिवशी सुंदरम्मा हळद लावलेले तांदूळ घेऊनच आली. अक्कानं मंगलाष्टकाची ओळ वाचली आणि आम्ही पुस्तकावर अक्षता टाकल्या. आमचे मालक दारातनं बघत होते. म्हणाले, "येड लागलंय काय तुमाला?" मी म्हटलं, "दरसाल गड्ड्याच्या जत्रंत काठीवर अक्षता टाकता, तवा कुनी इचारतं का?" पाठ फिरवून गेले. सिद्धरामेश्वराच्या योगदंडाचं लग्न लावणारं गाव आमचं. आम्हाला पुस्तकातल्या पोरीचं लग्न काय जड?

पुढं गिरिजाला दिवस गेले. सातवा महिना लागला. सुंदरम्मा म्हणाली, आता तिचा कुबसा केला पाहिजे. आम्ही लिंगायत लोक कुबसा म्हणतो, तुम्ही डोहाळजेवण म्हणा. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, ओटी. पण ओटी भरायची कुणाची? पुस्तकाला काही ओटी नसते.

"आपली श्रीदेवी हाय की," सुंदरम्मा म्हणाली. "तिचा पन सातवाच. गिरिजाच्या जागी तिला बसवू. दोघींचं एकदमच हुतंय."

बसवली. पाटावर श्रीदेवी, मांडीवर पुस्तक. हिरव्या बांगड्या मीनाबाईनं आणल्या. "मी असलं मानत न्हाय" असं म्हणत म्हणत पोरीच्या मनगटाच्या मापाच्या आणल्या. सुंदरम्मानं ओटी भरली आणि सुनेची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. "माजी गिरिजाच हाय ही," म्हणाली. श्रीदेवीचे पाय सुजले होते. बांगड्या भरताना हात पण फुगलेले दिसले. मी विचारलं. "काय न्हाय काकू, बरी हाय." पहिलटकरणीचे पाय सुजतातच, आम्ही सगळ्यांनी हेच म्हटलं. आरोग्य खात्याची आशाताई येऊन विचारून गेली, तिलाही तेच उत्तर. दवाखान्यात तपासणीची तारीख होती, तेव्हा लग्नाची मोठी ऑर्डर होती, म्हणून ती राहिली.

दुसऱ्या दिवशी अक्का आली ती उतरल्या चेहऱ्यानंच. म्हणाली, चष्मा घरी राहिला. त्यानंतर म्हणाली, घसा बसलाय. मग पेपर काढून बसली. आम्ही कावलो. मी म्हटलं, "अक्का, त्या पोरीला सातव्या महिन्यात ठेवून किती दिस झाले. हत्तीन हाय काय ती?" सगळ्या हसल्या. अक्का हसली नाही, आणि पदर पण हलला नाही. तेव्हा मला कळायला हवं होतं, पण आपली जीभ पुढं, डोकं मागं.

शेवटी एके दिवशी तिनं पुस्तक उघडलं. वाचायला लागली. गिरिजाला कळा सुरू झाल्या. सुईण आली. गिरिजाला मुलगी झाली. घरात आनंद झाला. नवऱ्यानं पेढे आणले. सासूनं तिला उराशी धरलं. सासरा म्हणाला, लक्ष्मी आली. किती गोड गोड चाललं होतं! सुंदरम्माच्या डोळ्याला पाणी. मी साखरेचा डबा आणायला उठले पण.

मीनाबाई थापता थापता थांबली होती. अक्काकडं टक लावून बघत होती.

"अक्का," ती म्हणाली, "मगाधरनं पान उलटलं न्हाय की तू."

अक्कानं चष्मा सारखा केला.

"एवडं समदं एका पानावर बसलं व्हय? कळा, बाळ, पेढं?"

अक्काचा वाकडा हात पानावर तसाच होता. पान झाकून ठेवावं तसा. मग आम्हाला सगळ्यांनाच कळलं.

सुंदरम्मानं विचारलं, "मेली व्हय?"

अक्कानं मान डोलावली.

"कुबसा केलेली पोर मेली?" सुंदरम्माचा आवाज चिरका झाला. "माज्या सुनंला बसवलं की तिच्या जागी! अय्यो शिवा. तळ्यात सोडा ते बुक. आत्ताच्या आत्ता सोडा. अक्का, तू आदी का सांगितलं न्हाय?"

"आदी मलाच कुटं म्हाईत व्हतं? ओटी भरून झाली, त्या सांजंला वाचलं. तितंच बुक संपतंय," अक्का म्हणाली. "मग म्हटलं, आपन जगवू तिला. कोन इचारायला येतंय."

श्रीदेवी उठली. पिठाचे हात पदराला पुसले आणि अक्काच्या मांडीवरनं पुस्तक घेतलं.

"ठेव ते!" सुंदरम्मा ओरडली.

"अत्ती, मला वाचू द्या," श्रीदेवी म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणते. एवढं सरळ तिच्याशी बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

तिला अक्कासारखं वाचता येत नाही. चढ नाही, उतार नाही, शाळेत धडा वाचावा तसं. पण त्या दिवशी शेडमध्ये एक हात हलला नाही. गिरिजाचं डोकं दुखत होतं, अंगावर सूज होती. सासूनं विचारलं. गिरिजा म्हणाली, मला काही एक होत नाहीं. नवऱ्यानं दारातनं विचारलं. गिरिजा म्हणाली, आपण उगीच चिंता करूं नये, मी बरी आहें. माहेरचा माणूस आला, त्यालाही तेच. लिहिणाऱ्यानं त्यावर मोठं कौतुक लिहिलेलं, की केवढी ही सहनशीलता, अशा स्त्रियांमुळेंच ही पृथ्वी तरली आहे, असं काही. मग तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले, आणि ती पुन्हा म्हणाली, मी बरी आहें.

श्रीदेवी तिथं थांबली. आम्हाला वाटलं अक्षर लागेना. तिनं ती ओळ परत वाचली, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग पुस्तकातनं मान न काढता म्हणाली,

"अक्का, माजं डोकं लई दुकतंय. परवापास्नं. आन् डोळ्याम्होरं चमकतंय. आत्ता पन."

तवा कुणी उतरवला, गॅस कुणी बंद केला, आठवत नाही. एवढं आठवतं की सगळ्यात आधी सुंदरम्मा उठली. गुडघ्याला हात लावल्याशिवाय कधी न उठणारी बाई, पिठाच्या हातानं सुनेला कवेत धरून रस्त्यावर आली आणि समोरून येणाऱ्या रिक्षाच्या आडवी उभी राहिली. श्रीदेवीच्या हिरव्या चोळीवर तिचे पांढरे पंजे उमटले होते.

दवाखान्यात बीपी बघून डॉक्टरीणबाईचा चेहराच बदलला. धावपळ झाली. श्रीदेवीचा नवरा महेश्वर टॉवेलच्या कारखान्यातनं तसाच आला, केसात सूत. त्याची सही घेतली. डॉक्टरीणबाई आम्हाला म्हणाली, "अजून थोडा वेळ गेला असता तर ही गेली असती. आधी का नाही सांगितलं कुणी? घरात एवढ्या बायका, एकीच्या लक्षात येत नाही?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. अक्का आपलं वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरून उभी होती. म्हणाली, "बाई, आमच्यात सांगत न्हाईत."

श्रीदेवी वाचली. मुलगी झाली होती. फार लहान होती, ओंजळीत मावेल एवढी. राहिली नाही.

त्या दिवसांतलं सगळं मी सांगणार नाही. मी बडबडी असले तरी सगळंच सांगायचं नसतं. एकच सांगते. दवाखान्याच्या व्हरांड्यात सुंदरम्मा भिंतीला टेकून बसली होती आणि कानडीत एकच वाक्य परत परत म्हणत होती, की मीच म्हणायची, असं सोनं कुठं मिळतंय. अक्का तिच्या शेजारी बसून होती. समजूत घालत नव्हती. नुसती खांद्याला खांदा लावून होती. मधेच सुंदरम्मानं विचारलं, "त्या बुकामुळं झालं का ग हे?" अक्का म्हणाली, "बुकामुळं पोर हितवर पोचली, सुंदरम्मा. डोकं तर आदीपास्नंच दुकत व्हतं."

त्यानंतर शेडमध्ये वाचन बंद. पुस्तक फळीवर, पिठाच्या डब्यामागं. अक्का येऊन बसायची, पेपर उघडायची, हेडिंग वाचायची आणि परत घडी घालायची. आणि तिच्या वाटणीच्या भाकरी आम्ही थापतोय म्हणून तिला जड वाटायला लागलं. एक दिवस मला म्हणाली, "मी उद्यापास्नं येत न्हाय. बसून खाणं बरं न्हाय." मी म्हटलं, "ये बाई, आमाला शिव्या द्यायला कुणी नको का?" पण माझ्या बोलण्यात दम नव्हता. ती उद्यापासनं येणार नाही, हे मला दिसत होतं.

आणि त्या उद्याला श्रीदेवी आली. अजून महिनाभर घरी राहा म्हणून महेश्वरनं सांगितलं होतं, सुंदरम्मानं तर हात जोडले होते. ती आली. सासू मागं मागं. अक्का पण तिथंच होती, आपला पाट आणि चष्म्याची डबी घरी न्यायला आलेली. श्रीदेवीनं सगळ्यांकडं बघितलं. मीनाबाईनं उठून तिच्या पाठीवर हात ठेवला, बस.

श्रीदेवीनं फळीकडं बघितलं. "अक्का, बुक तसंच ठेवलं व्हय?"

"हं."

"शेवटावर?"

अक्कानं चष्म्याची डबी उघडली, मिटली.

"तुमीच म्हनला व्हता, पोथी अशी ठेवू नये. पयलं पान वाचायचं ऱ्हायलंय."

सुंदरम्मा म्हणाली, "नको ग पोरी." पण म्हणाली ती इतकी हळू, की ते नको नव्हतंच.

मी डबा सरकवून पुस्तक काढलं. पीठ झटकलं. अक्का परत पाटावर बसली, चष्मा पुसायला तिला जरा वेळ लागला. मग पहिलं पान.

सात वर्षांची गिरिजा चिंचेच्या झाडावर. परकराचा काचा मारलेला, तोंडात आंबट आकडा. खाली आजी हाका मारतेय, ही उत्तर देत नाही. आम्ही सगळं विसरलो होतो, एवढी आगाऊ होती ही पोर! मीनाबाईला हसू आलं. मग फांदीवरचे मुंगळे तिला डसले आणि ती जोरानं किंचाळली. आजीनं तिला खाली ओढली, तोंडावर हात दाबला आणि म्हणाली, "मुलीच्या जातीनें ओरडूं नये. सोसावें." गिरिजानं हुंदका गिळला.

"ओरडू दे की तिला," कुणीतरी म्हणालं.

आम्ही वळून बघितलं. सुंदरम्मा. कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली, डोळे पुस्तकावर.

अक्का थांबली. "बुकात तसं न्हाय लिवलेलं, सुंदरम्मा."

"मग तू लाव. लावता येतंय की तुला. त्या दिवशी पेढं कसं वाटलंस?"

श्रीदेवीनं काटवट पुढं ओढली आणि पीठ घेतलं. थापायला लागली, हळूहळू, पहिली भाकरी. अक्कानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा सुंदरम्माकडं. मग मान ताठ केली, आणि त्या आवाजात, ज्या आवाजाला किराणावाला थांबतो, वाचायला लागली. गिरिजानं आजीचा हात तोंडावरनं काढला आणि अशी ओरडली की सगळी आळी गोळा झाली. कुणी हळद आणली, कुणी चुना. जिचं नाव पुस्तकात दिलं नव्हतं ती कुणबीण पण आली, आणि अक्कानं तिला नाव दिलं. गिरिजा सगळ्यांना दाखवत सुटली, हितं चावलं, हितं पन चावलं, दुकतंय मला. लई दुकतंय.

बराच वेळ वाचत होती अक्का. पान काही उलटलं नाही. मीनाबाईचं लक्ष होतं, मला दिसत होतं. ती थापत राहिली.